जॅकवरची गाडी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. माझा पुतण्या पुण्याहून आसेगावला आला, तो एक जुनी विकत घेतलेली, दोनच माणसांची लाल गाडी घेऊन. अशा गाडीला स्पोर्ट्‌स कार म्हणतात. वेगात वळण घेताना कलू नये म्हणून ती मुद्दाम ठेंगणी बांधलेली असते. हिचे पोट जमिनीपासून जेमतेम साडेचार इंच. फाट्यापासून घरापर्यंत ती कशी आली हे तिचे तिलाच ठाऊक! यायची ती खालचा पत्रा घासतच आली, आणि तो पत्रा पाहण्यासाठी पुतण्याने अंगणातच तिला जॅक लावला.

जॅक गाडीबरोबर मिळालेलाच होता, कात्रीसारखा उघडणारा. गाडीची एक बाजू हातभर वर आली. पुतण्याने पोते अंथरले आणि खाली सरकला. बॅटरी धरायला मी. तेवढ्यात शेजारचे एक म्हातारबुवा काठी टेकत आले. उभा जन्म बैलगाडीवर गेलेला माणूस. त्यांनी आधी गाडीकडे नाही, जमिनीकडे पाहिले. म्हणाले, "मास्तर, पोराले बाहीर काहाडा. थे गाडी जॅकवर नाई, मातीवर उभी हाय."

पोरगा कुरकुरत बाहेर आला. आम्ही चहाला बसलो. कप अर्धा झाला नसेल, तोच धप्पकन आवाज झाला. जॅक आडवा पडला होता, गाडी खाली बसली होती, आणि पोते तिच्याखाली होते.

म्हातारबुवांना काय दिसले, ते मला नंतर समजले. आपल्या वऱ्हाडची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. दिवाळीच्या सुमारास वरची पापडी टणक असते, पण विताएवढ्या खोलीवर ओल तशीच असते. आता हिशेब करा. शिक्षक मंडळींना हा फळ्यावर घालता येईल. गाडी हजार किलोची धरली, तर एका कोपऱ्याशी जॅकवर अडीचशे-तीनशे किलो भार येतो. जॅकची बैठक दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो झाले. ओलसर काळ्या मातीला हे पेलत नाही. जॅक हळूहळू रुततो, आणि सरळ न रुतता एका अंगाला रुततो. त्याच्याखाली तीस सेंटिमीटर लांबरुंद जाड फळी टाकली, तर तोच भार नऊशे चौरस सेंटिमीटरवर पसरतो, म्हणजे पाव-तीस ग्रॅम नव्हे, पण किलोचा एक तृतीयांश उरतो. फरक एका फळीचा.

पण फळी टाकली म्हणून खाली शिरायचे का? नाही. म्हातारबुवांनी गाडीच्या वंगणाची आठवण काढली. बैलगाडीचे चाक काढायचे तर एकजण पहारीने कणा उचलायचा, दुसरा लगेच खाली ओंडका सारायचा, मगच कुणी निघायची. पहार उचलण्यापुरती. पहारीच्या भरवशावर कोणी हात घालत नसे. जॅक ही आजची पहार आहे, इतकेच.

तेलावर चालणारा जॅक ताकदवान खरा. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रान्सच्या पास्कालने सतराव्या शतकात सांगितले. त्यावर इंग्लंडात जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये दाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्यावर थोडा जोर दिला की मोठा दट्ट्या कितीतरी पट भार उचलतो. मात्र तो सारा भार आतल्या एका वॉशरवर आणि एका झडपेवर तोललेला असतो. वॉशर झिजला की तेल सुटते, आणि ते सांगून सुटत नाही.

आपल्याकडे सर्रास दिसते ते विटांचे उतरंड. गाडी उचलायची नि खाली चार विटा. माझे मत विचाराल तर हे सर्वांत वाईट. वीट किंवा पोकळ सिमेंटचा ठोकळा भार घेता घेता एकदम फुटतो. बाभळीचा ओंडका दबेल, करकरेल, माणसाला बाहेर यायला सवड देईल. त्याहून चांगली म्हणजे लोखंडी घोडी, जिला गॅरेजवाले जॅक-स्टँड म्हणतात. ती जोडीने वापरावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी सोयाबीन वाळवायच्या सिमेंटच्या खळ्यावर नेली. ट्रॅक्टर-गॅरेजातून चाकांचा जॅक आणि दोन घोड्या मागून आणल्या. जॅक गाडीखाली जाईना, इतकी ती बुटकी! मग दोन रुंद फळ्या पुढच्या चाकांपुढे टाकून गाडी त्यांवर चढवली. दीड इंच मिळाले, जॅक सरकला. तो लावायचा कुठे, हे गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह असते. भलत्या जागी लावला तर पातळ पत्रा फाटतो. पुढची बाजू उचलायची म्हणून मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले.

इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना असतो. मागची बाजू उचललीत की ब्रेक हवेत, आणि गाडी मोकळी. तेव्हा दगड पुढच्या चाकांना हवेत, हँडब्रेक कितीही ओढलेला असो.

गाडी वर आली, घोड्या लागल्या, जॅक थोडा उतरवून भार घोड्यांवर दिला. मग दोघांनी बाजूला उभे राहून गाडी चांगली हलवून पाहिली. पडायची असली तर ती तेव्हाच पडावी! शिवाय स्टेपनी आडवी करून खाली सारली. पोरे, कोंबड्या आणि कुत्रे यांना खळ्याबाहेर काढले. एवढे झाल्यावर पुतण्या आत गेला.

हेच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लागू आहे, किंबहुना अधिकच. उलटण्यासाठी वर केलेली ट्रॉली तेलाच्या दाबावरच उभी असते. काय अडकले ते पाहायला माणूस वाकून खाली जातो, आणि कोणाचा तरी हात दांड्याला लागतो. आधी ट्रॉली रिकामी करा, खाली भक्कम टेकू द्या, इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला.

उतरवताना आम्ही पाने मोजून बाहेर घेतले, गाडी किंचित उचलून घोड्या काढल्या आणि झडप हळूहळू सोडली. पत्रा जरासाच वाकला होता, तो ठोकून सरळ झाला. म्हातारबुवा खळ्याच्या कडेला बसून सगळे पाहत होते. त्यांनी पुतण्याला फक्त एवढेच विचारले, "यवढी ठेंगनी गाडी घेतली कायले बापा?" त्याला उत्तर सुचले नाही.