इतिवृत्तात न आलेले हसू



ख्रिस्ती मराठी साहित्यिकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण वऱ्हाडातील एका लहानशा बॅप्टिस्ट मंडळीत वाढलेल्या माणसाला दिलेत, तेव्हा ज्या मंडळीच्या भजनांनी, सभांनी आणि हास्याने माझी भाषा घडली तिच्याविषयीच आज बोलणे मला उचित वाटते.

बॅप्टिस्टांचे मराठीशी नाते जुने आहे. मूळचे जोडे शिवणारे विल्यम कॅरी 1793 मध्ये बंगालात आले आणि वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण व 1810 मध्ये मोडी लिपीतील मराठी शब्दांचा कोश सेरामपूरच्या छापखान्यातून प्रसिद्ध केला. लेखणी आणि नोंद यांविषयीचा तो आदर आमच्या गावच्या मंडळीतही होता. प्रत्येक सभासदाला एक मत, आणि घंटेचा दोर बदलण्यापासून पाळकाच्या नेमणुकीपर्यंत प्रत्येक बाब मासिक सभेपुढे दाखल होऊन मंजूर वा तहकूब व्हावयाची. त्या सर्वांचे दप्तर आजही शाबूत आहे. मी ते अथपासून इतिपर्यंत वाचले आहे. त्यात बाप्तिस्मे, विवाह, दफने, वर्गणीची थकबाकी, सारे काही बयाजवार आहे. आम्ही हसलो होतो, एवढे मात्र कोठेही नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्यात अर्भकाला बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या वयात स्वमुखाने विश्वास कबूल करणाऱ्याला पाण्यात पूर्ण बुडवूनच तो द्यावयाचा, असा दंडक आहे. एका वर्षी मंडळीत सामील होण्यास सिद्ध झालेला शेतकरी चांगला आडव्या हाडाचा होता आणि पाळक नवे, तरुण व अंगाने अगदी किडकिडीत होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी नदीच्या कोरड्या वाळूत सरकीचे पोते दोन्ही हातांवर आडवे घेऊन खाली नेण्याचा व वर आणण्याचा सराव केलेला आम्ही मुलांनी बाभळीआडून पाहिला होता. सकाळी मंडळी काठावर भजन म्हणत उभी राहिली, उभयता कंबरभर पाण्यात उतरले, पवित्र शब्दांचा उच्चार झाला आणि त्याच क्षणी पाळकांचा पाय गाळात सरकून ते शेतकऱ्यासह डोहात दिसेनासे झाले. प्रथम वर आला तो शेतकरी, आणि त्याने दोन्ही बगलांत हात घालून पाळकांना लहान मुलासारखे उचलून धरले होते. नाकातोंडातले पाणी निपटीत तो मनापासून काळजीने म्हणाला, “पास्तरसाहेब, तुमचा तं अगुदरच झाला होता न! मंग पुन्हा काहून?”

काठावरचे भजन तेथेच थांबले. वडीलजन हसले, पाळकांच्या पत्नी पदर तोंडाला लावून हसल्या, आणि ओलेचिंब पाळक सर्वांहून मोठ्याने हसले. मग त्यांनी तेथेच पाण्यात उभे राहून जी उपकारस्तुतीची प्रार्थना केली तिच्याइतकी निर्मळ प्रार्थना मी पुढे थोड्याच वेळा ऐकली.

हंगामाच्या सणाला दानार्पणात आलेल्या जिनसांचा लिलाव होई. एक विधवा बाई आपली तांबडी कोंबडी देवाला अर्पून बसत आणि लिलावात सर्वांवर बोली चढवून तीच कोंबडी पुन्हा घरी नेत. तीन वर्षे हा क्रम चालला. चौथ्या वर्षी बाई बोलू लागल्या की बाकीचे गप्प बसत.

अशा हास्यात श्रद्धेचा अधिक्षेप नाही, असे मी पूर्ण विचाराने म्हणतो. ज्या घरात माणूस निर्भय असतो तेथेच तो असा हसतो. लक्ष्मीबाई टिळकांनी हे जाणले होते. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त धर्मांतरासारखा हृदय विदारून टाकणारा विषय असूनही पानोपानी हसू आहे, आणि म्हणूनच ते पुस्तक ख्रिस्ती समाजाच्या सीमा ओलांडून साऱ्या महाराष्ट्राचे झाले. आम्ही मात्र लक्ष्मीबाईंच्या मागून साक्षी लिहिल्या, प्रवचने लिहिली, चरित्रे लिहिली, आणि आपली माणसे इतकी गंभीर करून ठेवली की त्यांच्या नातवंडांनाही ती ओळखू येऊ नयेत.

त्या शेतकऱ्याचे नाव, वय व बाप्तिस्म्याची तारीख आमच्या नोंदवहीत आहे. त्याचे वाक्य मात्र ऐकणाऱ्यांपैकी आता आम्ही दोघेच उरलो आहोत. म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, येत्या रविवारी उपासना संपल्यावर लगोलग घरी जाऊ नका. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माणसांपाशी वही घेऊन बसा.