पोलादी सांगाडा आणि तिरपे दांडे

१६ मे १९६८ रोजी पहाटे पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत १८व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. स्फोट फारसा मोठा नव्हता. पण कोपऱ्यातील आधाराची भिंत बाहेर फेकली गेली, तिच्यावरचे मजले खाली आले आणि त्यांच्या आघाताने खालचेही गेले. चार माणसे दगावली. ही इमारत काँक्रीटच्या तयार फलकांची होती, पोलादाची नव्हे; परंतु एक आधार गेला तर बाकीच्यांनी काय करावे, हा प्रश्न अभियंत्यांपुढे तिनेच ठळकपणे उभा केला.

पोलादी सांगाड्यातील एक खांब नाहीसा झाला, अशी कल्पना करा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तुळयांना आता एकच तुळई होऊन दुप्पट अंतर ओलांडावे लागते. अंतर दुप्पट, तर सारख्या पसरलेल्या भाराखाली वाकविणारा जोर चौपट! तुळईला तो सहसा पेलत नाही. येथे तिरपा दांडा कामी येतो. खांब, तुळई व दांडा मिळून त्रिकोण बनतो, आणि बाजूंची लांबी बदलल्याखेरीज त्रिकोणाचा आकार बदलत नाही. अधांतरी राहिलेल्या खांबाचा भार दांडा ताणाने किंवा दाबाने शेजारच्या खांबाकडे पोचवितो.

मात्र हे दांडे मुळात वारा व भूकंप यांसाठी असतात, आणि काटकसरीपोटी ते मोजक्याच गाळ्यांत घालतात. दूरच्या कोपऱ्यातला खांब गेला, तर त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. शिवाय बारीक दांडा ताण सोसतो, पण दाबाखाली वेतासारखा वाकतो. आणि टोकाचे बोल्ट दुबळे असले, तर त्याची जाडी व्यर्थच.

शिकागोत १९६९ साली उभ्या राहिलेल्या १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटरच्या चारही दर्शनी बाजूंवर फझलूर रहमान खान या बंगाली अभियंत्याने प्रचंड फुल्या घातल्या. त्या वाऱ्याला तोंड देतातच, पण खांबाखांबांतील भारही वाटून देतात. हा दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो.

न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या मनोऱ्यांना अशा फुल्या नव्हत्या. माथ्यावर मात्र तिरप्या दांड्यांची चौकट होती. ११ सप्टेंबर २००१ रोजी विमानाच्या धडकेने उत्तर मनोऱ्याचे बाहेरचे सुमारे ३५ खांब तुटले. उरलेल्यांनी भार वाटून घेतला. त्यात या चौकटीचाही वाटा होता. पुढे आगीने पोलाद दुबळे झाले व मनोरा कोसळला. पण तोवर तो १०२ मिनिटे उभा होता, आणि धडकेच्या जागेखालील बहुतेक माणसे तेवढ्या वेळात जिने उतरून बाहेर पडली होती.