दिसण्याचं भाडं

(राहुरीत तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडं झाडून-पुसून.)



तुम्ही मला कविता वाचायला बोलावलंत. कविता शेवटी वाचीन, वेळ उरला तर. आज एका वहीवर बोलायचंय. ही बघा, हातात धरलीय ती. दोनशे पानी, साधी. हिच्यात चपलांचा हिशोब आहे.

मी मॅट्रिक. न्हावा-शेव्याला कंटेनर रिकामे करतो, कंत्राटावर. अर्थशास्त्र मला कुणी शिकवलं नाही. पण ज्याच्या पाठीवरून माल जातो त्याला एवढं कळतं की माल करणारा एक असतो, वाहणारा एक असतो, आणि मधे बसून खाणारा तिसराच असतो. आज त्या तिसऱ्यावर बोलू.

वही माझ्या एका दोस्ताची. इथनं दोन कोसांवर राहतो. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. बाप चांभारकाम करायचा, हाही करतो. बारावी शिकला, नोकरी मिळाली नाही, मग बापाची रापी आणि आरी उचलली. अस्सल चामड्याची हातची चप्पल करतो. दिवसाला एक जोड, फार तर दीड.

आठवडे बाजारात चपलावाल्याची जागा कुठं असते ते तुम्हाला सांगायला नको. भाजी संपते, भांडी संपतात, कापड संपतं, चिखल सुरू होतो, तिथं. ही जागा कुणी कागदावर लिहून दिलेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे.

म्हणून मोबाईलवरचा बाजार आला तेव्हा हा गडी खूश झाला. ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटीच्या नोंदणीशिवाय आपल्या राज्यापुरता ऑनलाईन माल विकायची मुभा मिळाली. त्या दारानं हा आत शिरला. मला फोन करून म्हणला, "इथं गिऱ्हाईक आधी आडनाव इचारत नाय रं. चप्पल बघतंय, पैसे देतंय." हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. ज्यांच्या हातची भाजी, हातचं दूध लोकांनी विकत घेतलं नाही, त्यांच्या नातवाला नाशिकचं, पुण्याचं गिऱ्हाईक न विचारता मिळतं ही लहान गोष्ट नाही. जे लोक सरसकट 'मोबाईल जाळा' म्हणतात त्यांच्यातला मी नाही.

पण तीन आठवडे झाले, एक जोड गेली नाही. ह्यानं स्वतःच्या मोबाईलवर 'लेदर चप्पल' टाकून स्वतःचा माल शोधला. बोट दुखेपर्यंत खाली सरकवत गेला. माल दिसेना. दुकान उघडं, माल मांडलेला, दिवा लावलेला, आणि दुकानासमोर रस्ताच नाही.

मग कंपनीचा संदेश आला: तुमचा माल पुढं आणा, रोज फक्त १०० रुपयांपासून. कंपनीचं नाव घेत नाही. एकीचं घेतलं तर बाकीच्या सोज्वळ ठरतील.

हे 'पुढं आणणं' कसं चालतं ते नीट ऐका, कारण आपल्यातले पुष्कळ जण ह्याच धंद्यात उतरणार आहेत. गिऱ्हाईक एक शब्द टाकतं. त्या शब्दावर विक्रेत्यांनी आधीच बोली लावून ठेवलेली असते: कुणी ३ रुपये, कुणी ५, कुणी १२. डोळ्याची पापणी लवायच्या आत लिलाव होतो. बोली मोठी आणि ज्याच्यावर बोट पडायची शक्यता जास्त, तो वर. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं. गिऱ्हाइकानं त्याच्यावर बोट ठेवलं की विक्रेत्याचे पैसे कापले. चप्पल घेतली का नाही, ते कंपनीला कर्तव्य नाही. बोट टेकलं, पैसे गेले.

आणि 'शक्यता' कशावरून ठरते? आधी किती विक्री झाली, किती लोकांनी चांगलं लिहिलं, त्यावरून. म्हणजे नव्या माणसाला बोली चढी लावावी लागते. विक्री नाही म्हणून दिसत नाही, दिसत नाही म्हणून विक्री नाही. हे चक्र आपल्याला नवं नाही. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही.

वांबोरी तुमच्याच तालुक्यात. तिथं कांद्याचा लिलाव तुम्ही बघता. बोली कोण लावतो? व्यापारी. घेणारा. शेतकरी नाडला जातो, पट्टी हातात पडते तेव्हा रडतो, सगळं खरं. पण निदान बोली त्याच्या मालावर लागते, आणि मोठ्यानं लागते, चारचौघांत. मोबाईलच्या बाजारात बोली विकणारा लावतो. मालावर नाही, उभं राहायच्या जागेवर. आणि शेजाऱ्यानं किती लावली ते त्याला कधीच ऐकू येत नाही.

आमच्या बोलीला ह्यांच्या साहित्यात जागा नव्हती. आता बाजारात जागा पायजे तर म्हणतात, बोली लावा.

आता वही. आईच्या बचत गटातून ह्यानं ५,००० रुपये उचलले आणि एक महिना जाहिरात चालवली. आकडे त्याचे, बेरीज माझी.

एक जोड ६५० ला. चामडं, तळ, दोरा, खोकं मिळून ३००. कंपनीचं कमिशन आणि पाठवणी, करासकट १३०. उरले २२०. ही त्याची मजुरी. एका जोडीला एक दिवस धरा, दिवसाला २२० रुपये. रोजंदारीवाला ह्यापेक्षा जास्त कमावतो, पण चला, स्वतःचा धंदा, स्वतःची इज्जत.

जाहिरात रोज १०० रुपयांची. बोटामागं ५ रुपये. महिन्याचे ३,०००, वर १८ टक्के जीएसटी ५४०. मोठ्या विक्रेत्याला हा कर वजावटीत परत मिळतो. नोंदणी नसलेल्या ह्या गड्याला मिळत नाही. एकच जाहिरात, एकच दर, तरी गरिबाला महाग. एकूण ३,५४०.

६०० बोटं टेकली. १८ जोड्या गेल्या. सगळ्या जाहिरातीतून, जाहिरातीशिवाय एकही नाही. १८ गुणिले २२० म्हणजे ३,९६०. त्यातनं ३,५४० वजा करा.

४२०.

चारशेवीस रुपये महिन्याची मजुरी! आकडासुद्धा लाजला नाही, स्वतःचं नाव सांगून गेला. १ जुलै २०२४ पासून कलम बदललं, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ झालं. नंबर बदलला, धंदा तोच. आणि ह्या ४२० मधनं परत आलेल्या दोन जोड्यांचा भुर्दंड अजून वजा व्हायचाय.

कंपनीचा माणूस म्हणेल, आम्ही फसवलं कुठं? सगळं पडद्यावर लिहिलंय. बरोबर, लिहिलंय. कर्जाच्या खतावरही सगळं लिहिलेलं असायचं. ज्या जोतिबांचं नाव इथल्या कृषी विद्यापीठाला दिलंय, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये हेच दाखवलं होतं की लिहिणारा आणि न वाचू शकणारा ह्यांच्यामधल्या कागदात काय काय लपतं. आज आपण वाचतो. पण गणित कंपनीच्या पोटात आहे.

आता सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. ह्यानं आपल्या चपलेला आजीचं नाव दिलं होतं. चार गिऱ्हाईकं ते नाव लक्षात ठेवून परत आली. नाव टाकलं, तर वरती दुसऱ्याचीच चप्पल! कुणीतरी त्या नावावर बोली लावून बसलेला. म्हणजे आपल्याच नावानं आपल्याला शोधत आलेलं गिऱ्हाईक आपल्यापर्यंत यावं म्हणून आपणच बोली लावायची. मित्रांनो, आपल्या आज्या-पणज्यांना गावानं धड नावानं हाक मारली नाही. आता नाव मिळालं तर त्याला भाडं लागलं.

'कोल्हापुरी' ह्या शब्दाचं तेच. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार. कायद्यानं हे नाव तिथल्या कारागिरांचं. जून २०२५ मध्ये प्राडानं इटलीतल्या मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला मिरवल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला. खवळायलाच पायजे होतं. पण रोज ह्या मोबाईलमध्ये 'कोल्हापुरी' शब्दाचा लिलाव होतो, आणि त्या शब्दाखाली रेक्झिनच्या चपलाही पैसे भरून वर बसतात. त्याच्यावर कुणी खवळत नाही. मिलान दिसतं, खिशातलं दिसत नाही.

हे पैसे जातात कुठं? ॲमेझॉननं २०२४ ह्या एका वर्षात जगभरात जाहिरातीतून सुमारे ५,६०० कोटी डॉलर मिळवले. फ्लिपकार्टनं आपल्या देशात २०२३-२४ ला जवळपास ५,००० कोटी रुपये. चप्पल न करता, साडी न विणता, पोतं न उचलता. ह्यात मोठ्या ब्रँडचे पैसे आहेत, तसे बचत गटातून उचललेलेही आहेत.

शिवाय जागेचा मालक स्वतःही दुकान टाकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेनं ॲमेझॉनची आतली कागदपत्रं पाहून लिहिलं की भारतात दुसऱ्यांच्या चालणाऱ्या मालाच्या नकला करून स्वतःचा माल शोधात वर ठेवायची पद्धत होती. कंपनीनं आरोप नाकारला. स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. ठराविक विक्रेत्यांना झुकतं माप देतात, ही तक्रार. अहवाल यायला २०२४ उजाडलं. कोर्टकचेऱ्या तेवढ्यात किती झाल्या! तेवढ्या वेळात छोटा दुकानदार चारदा बुडतो.

आता डॉकचं सांगतो, कारण हे सगळं मला ओळखीचं वाटतं. मुंबई बंदरात पूर्वी टोळीवाले असायचे. सकाळी गेटावर माणसं उभी, टोळीवाला बोट दाखवील त्याला काम. बोट आपल्याकडं वळावं म्हणून मजुरीतला वाटा त्याला द्यायचा. शेजारचा जास्त देतो म्हणला की आपण त्याहून जास्त. भुकेल्यानं भुकेल्यावर बोली लावायची. कामगार लढले. १९४८ ला कायदा झाला, १९५१ ला मुंबईत गोदी कामगार मंडळ आलं. नोंदणी झाली, काम पाळीपाळीनं मिळायला लागलं. हा शब्द लक्षात ठेवा: पाळी. नंतर कंटेनर आले, मंडळ १९९४ ला पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, आणि माझ्यासारखा पुन्हा कंत्राटदाराच्या बोटाकडं बघत उभा आहे. जे लढून मिळतं ते झोपलं की जातं.

दोस्ताच्या शब्दावर बोली चढवणारे कोण होते? सगळेच काही शेठ नव्हते. त्यांच्यात त्याच्यासारखीच रापी चालवणारी पोरं होती, कुठल्या गावची कुणास ठाऊक. एकमेकांना न बघता एकमेकांची मजुरी खात होती. टोळीवाल्याच्या गेटावर निदान शेजाऱ्याचं तोंड तरी दिसायचं.

मग करायचं काय? मला सुचलं ते सांगतो.

पहिलं, वही. जोडीमागं जाहिरातीला किती गेले हा रकाना रोज भरा. मजुरीच्या पाव हिश्श्यावर गेला की जाहिरात बंद. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आपल्याला निदान एक रकाना भरता यावा.

दुसरं, एकटं दुकान टाकू नका. दहा कारागिरांनी एका नावाखाली माल लावा. विक्री एका ठिकाणी जमते, चांगला शेरा एका ठिकाणी जमतो, आणि आपसात बोली लागत नाही.

तिसरं, आपल्या भुई सोडू नका. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, धम्मचक्राला दीक्षाभूमीला लाखो माणूस येतं. फुटपाथवर पुस्तकं मांडलेली असतात, लोक वाकून बघतात, पिशवी भरून नेतात. तिथं शब्दाचा लिलाव होत नाही. तिथं आपला मालही पोचला पायजे.

चौथं, मागणी. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांत लिहिलंय की माल वर-खाली कशावरून लावता ते मुख्य निकष कंपनीनं समजावून सांगावेत. मराठीत सांगा म्हणावं, चांभाराला कळेल असं. ज्याला निर्देशांक मिळालाय ते नाव दुसऱ्याला विकणं बंद करा. आणि पहिल्या पानावर काही जागा पाळीनं द्या, बोलीविना. अशक्य म्हणतील. कांद्याची अडत शेतकऱ्याच्याच पट्टीतनं कापायची हेही वर्षानुवर्षं अटळ होतं. जुलै २०१६ मध्ये सरकारनं नियम केला, अडत खरेदीदाराकडून घ्या. व्यापाऱ्यांनी बाजार बंद पाडले, पण नियम झाला. भार कुणाच्या खांद्यावर टाकायचा हे माणसंच ठरवतात, म्हणून माणसंच बदलतात.

शेवटचं. मागच्या महिन्यात दोस्ताचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, मग हळूच म्हणला, "डॉकवर काय काम हाय का रं?"

मला उत्तर देता येईना. ज्याच्या हातात चार पिढ्यांची कला आहे तो पाठ भाड्यानं द्यायला येणार, आणि आम्ही दोघं मिळून परदेशातनं आलेल्या चपलांची खोकी उतरवणार. मी म्हणलो, आधी तुझी वही पाठव.

त्यानं ती पाठवली. तो आज इथं आलाय, मागं बसलाय. गटाचे ५,००० अजून फिटलेले नाहीत. ही वही आता मी पुढच्या रांगेत देतो. प्रत्येकानं बघा आणि पुढं द्या. ज्यांना कातडं कापता येतं, शिवता येतं, फोटो काढता येतो, हिशोब लिहिता येतो, त्यांनी मागच्या कोऱ्या पानावर नाव लिहा. दहा झाली की पहिली बैठक.

कविता पुढच्या वेळी वाचीन.

जयभीम.