दुसरी वाट



आमच्या राजोडीपासून सोपारे काही दूर नाही. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. मगधाच्या राजाचा शब्द आमच्या किनाऱ्यापर्यंत पोचला होता. पण येथे त्याचे पुढे काय झाले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सोय राजापाशी नव्हती. दूरवर हुकूम पोचवणे ही निम्मी गोष्ट झाली. तिथली स्थिती पाहून हुकूम देणे, ही उरलेली निम्मी. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

मी पोटासाठी सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालणारा आणि एकाच वेळी अनेकांची कामे करणारा संगणक. आपले रेल्वेचे तिकीट, बँकेतील शिल्लक, रुग्णालयातील नोंद, ही सारी अशाच यंत्रांतून येतात. माझ्याकडची यंत्रे नवी मुंबईत एका थंडगार दालनात, कपाटांच्या रांगांत ठेवलेली आहेत. यंत्र शुद्धीवर असेल तर घरून त्याच्याशी बोलता येते. पण तेच मूर्च्छित पडले तर? पूर्वी एकच उपाय असे : नालासोपाऱ्याला गाडी धरायची आणि तेथे जायचे. पण १० जुलै २०१८ चा दिवस आपण विसरला नसाल. रुळांवर पाणी चढले आणि गाड्या थांबल्या. २०२० च्या टाळेबंदीत तर लोकल सामान्य प्रवाशाला कित्येक महिने बंदच होती. तरी यंत्रे चालू राहिली. ती कशी?

त्याचे उत्तर असे की, चांगल्या सर्व्हरच्या पोटात आणखी एक छोटा संगणक असतो. त्याचे नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे संक्षेपाने बीएमसी. मुंबईकरांनी दचकू नये; ही महानगरपालिका नव्हे! ह्याला आपण चौकीदार म्हणू. वाड्यातली सारी माणसे निजली तरी हा देवडीवर जागा असतो. त्याची स्मृती निराळी, जाळ्याची तार बहुधा निराळी. आणि मोठे यंत्र बंद असले तरी भिंतीतून वीज येते तोवर हा चालू असतो. ह्या चौकीदाराशी बोलण्याची एक सामाईक भाषा, आयपीएमआय, इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल ह्या कंपन्यांनी १९९८ साली ठरवली. २०१५ पासून रेडफिश नावाची नवी पद्धतही आली आहे.

हा चौकीदार मुख्यतः तीन कामे करतो. पहिले, यंत्राचे तापमान व पंख्यांची गती सांगतो आणि सांगितल्यास विजेचे बटण दाबतो. दुसरे, यंत्राच्या पडद्यावर जे उमटते ते जसेच्या तसे माझ्या पडद्यावर आणतो व माझ्या कळफलकाचे ठोके तिकडे नेतो. तेही यंत्र सुरू होतानाच्या पहिल्या ओळीपासून. तिसरे काम सर्वांत नवलाचे. माझ्या टेबलावरची फाइल तो यंत्राला अशी दाखवतो की, कोणी खरोखरच तबकडी आणून घातली असे त्याला वाटावे. त्या तबकडीवरून यंत्र पुन्हा उभे राहते.

येथे हिशेब मात्र विसरू नये. फाइल ४ गिगाबाइटची आणि घरून पाठवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर ती पुरी जायला सुमारे ५३ मिनिटे लागतात. मध्येच तार तुटली तर कोणी तबकडी उपसून काढल्यासारखे होते. म्हणून शहाणा माणूस ती फाइल त्याच दालनातल्या दुसऱ्या यंत्रावर आधीच ठेवतो.

आता माझी एक चूक सांगतो. दोन यंत्रांची नावे एका अक्षराने निराळी होती. एका रात्री घाईत मी नको त्या यंत्राची वीज तोडली. ते एका दवाखान्याचे होते, आणि वीस मिनिटे तिथल्या नोंदवहीचे पान उघडेना. दालनात उभा असतो तर चालणारे पंखे ऐकून हात थबकला असता. राजोडीला पंख्यांचा आवाज येत नाही. त्या दिवसापासून बटण दाबण्यापूर्वी मी यंत्राचा अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. घरातली माणसे हसतात, हसोत बापडी.

ही झाली एका माणसाची चूक. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे सारे जाळे सुमारे सहा तास बंद पडले. दुरुस्तीसाठी राखलेली निराळी वाटही त्याच वेळी बंद झाली. शेवटी माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी धाडावे लागले. ज्या विहिरीचा दोर तुटला, त्याच विहिरीत सुटा दोर ठेवण्यासारखेच हे. दुसरी वाट खरोखर दुसरी असली पाहिजे.

आणि तिला कुलूपही हवे. आयपीएमआयच्या २.० ह्या आवृत्तीतच एक उणीव आहे. खात्याचे नाव ठाऊक असलेल्या परक्याला चौकीदार संकेतशब्दाचा ठसा देऊन टाकतो. मग तो ठसा घरी नेऊन सावकाश फोडता येतो. २०१३ साली ह्या उणिवेची जाहीर चर्चा झाली. म्हणून चौकीदाराला उघड्या इंटरनेटच्या रस्त्यावर कधीही बसवू नये आणि कारखान्यातून आलेला संकेतशब्द पहिल्याच दिवशी बदलावा. ज्याच्या हाती चौकीदार, त्याच्याच हाती वाडा.

आपण कोणी पतपेढीचे संचालक असाल, कोणी शाळेचे विश्वस्त. यंत्र घेताना आपण किंमत विचारता. आणखी दोन प्रश्न विचारा : हे मूर्च्छित पडले तर जागे करण्याची दुसरी वाट कोणती? आणि तिची किल्ली कोणाकडे? उत्तर पावसाळ्याआधी मिळवा. हात लांब झाला की जबाबदारी दूर गेली, असे वाटू लागते. तसे नाही, हाताबरोबर तीही लांबपर्यंत गेली पाहिजे.