तुडतुड्याच्या पोटातला पहारेकरी

चिमूरकडच्या धानाच्या बांधीतले हिरवे तुडतुडे तुमच्या ओळखीचे आहेत. पाय पडताच टुणकन उडतात, पानांतला रस शोषतात आणि टुंग्रो रोगाचा विषाणू एका चुडातून दुसऱ्या चुडात नेतात. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागांत याच कुळातला, जवळपास अर्ध्या इंचाचा तुडतुडा झायलेला नावाचा जीवाणू पसरवतो. हा जीवाणू वेलीच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवतो. मुळाशी ओल असूनही पानं कडेनं करपत जातात आणि वेल मरते. या पियर्स रोगावर खात्रीचा इलाज नाही.

शास्त्रज्ञांनी मग कीटकाच्या पोटातच पहारा बसवला. पँटोइया या जीवाणूच्या जनुकांत बदल करून त्याला मधमाशीच्या आणि विंचवाच्या विषातल्यासारखी प्रथिनं बनवायला लावलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा बदललेला जीवाणू पोटात असलेले तुडतुडे रोग पसरवू शकले नाहीत.

आपल्यासाठी त्याहून मोलाचं म्हणजे, जनुकं वेगळ्या तऱ्हेनं बदललेला पँटोइया जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मलेरियाच्या डासांना पाजला गेला. २०१२ च्या त्या प्रयोगात फॅल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीची डासातली वाढ ९८ टक्क्यांपर्यंत रोखली गेली. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फॅल्सिपेरमनं किती घरं पोळली आहेत, हे आपण जाणतो. पण हे सारं प्रयोगशाळेतलं आहे. रानात सोडलेला जीवाणू परत गोळा करता येत नाही, म्हणून इथे घाई नकोच. तोवर मच्छरदाणी रोज लावा, आणि ताप आला की त्याच दिवशी आशाताईंकडे रक्त तपासून घ्या.