चवीनुसार म्हणजे किती?

(जामखेड येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)

जामखेडच्या मंडपात ‘कॉकटेल’ हा शब्द उच्चारला की पुढच्या रांगेत खसखस पिकते आणि मागच्या रांगेत भुवया वर जातात. भुवया वर जाणं रास्तच आहे. हा राळेगणसिद्धीचा जिल्हा. बायांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडायचं, त्याला ‘आडवी बाटली’ म्हणतात, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये नगर तालुक्यातल्या पांगरमलला विषारी दारूने माणसं गेली, तीही आठवण पुसलेली नाही.

म्हणून आज बोलायचं ते मिसळण्याविषयी. आंबट, गोड, कडक आणि पाणी यांचा मेळ कसा घालायचा, हा कॉकटेलवाल्याचा सगळा धंदा. त्यातलं ‘कडक’ वगळलं तर उरतो तो पन्ह्याचा आणि लिंबाच्या सरबताचा हिशेब. तो आपल्या घरात दर उन्हाळ्यात मांडला जातो.

मराठी पाककृतीत एक शब्द हमखास येतो: ‘चवीनुसार’. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 मध्ये आलं आणि घराघरांत पोचलं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यातली वाटी-चमच्याची मापं. नवशिक्या सुनेला ‘अंदाजाने घाल’ या उत्तराचा काही उपयोग नसतो. तिला माप हवं असतं. पण माप हातात आलं की दुसरा प्रश्न उभा राहतो. पुस्तकातलं लिंबू आणि आपल्या टोपलीतलं लिंबू एकच कुठे असतं?

पेयाच्या दुनियेत हा पेच जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर शिवकाळात या भागात हिंडला, 1675 मध्ये जुन्नरलाही येऊन गेला. त्याचं प्रवासवर्णन 1698 मध्ये छापलं गेलं. त्यात तो गोव्यातल्या नेरूळच्या उत्तम अर्काचं नाव घेतो आणि इंग्रज त्या अर्कापासून ‘पंच’ नावाचं पेय करतात, असं सांगतो. पाच जिनसा म्हणून पंच, अशी त्याची फोड. ही व्युत्पत्ती सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, पण अर्क, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच जिनसा ऐकल्या की आपल्याला आपलंच स्वयंपाकघर दिसतं.

पुढे वेस्ट इंडीजमध्ये पंचाचं प्रमाण तोंडपाठ झालं: आंबट एक, गोड दोन, कडक तीन, पाणी चार. म्हणजे साखर लिंबाच्या दुप्पट. आता दुसरं टोक पाहा. डेव्हिड एम्बरी हा न्यूयॉर्कचा वकील. बारमागे कधी नोकरी केली नाही, घरीच पाहुण्यांसाठी पेले भरायचा. 1948 मध्ये त्याने पुस्तक लिहिलं आणि प्रमाण दिलं आठ, दोन, एक: कडक आठ, आंबट दोन, गोड एक. इथं लिंबू साखरेच्या दुप्पट! दोन्ही प्रमाणं नावाजलेली, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट.

क्यूबातल्या ‘डायकिरी’चं तसंच. रम, लिंबू, साखर, एवढाच ऐवज. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत 60 मिली रमला 20 मिली लिंबाचा रस आणि दोन छोटे चमचे साखर आहे. एम्बरीच्या हिशेबाने तेवढ्याच रमला रस फक्त 15 मिली आणि पाक साडेसात. हवानाच्या ‘फ्लोरिडिता’ बारमध्ये बसणाऱ्या हेमिंग्वेला साखरच नको असायची आणि रम दुप्पट हवी असायची. त्याच्या जिभेसाठी बारने वेगळी डायकिरी केली आणि तीही पुढे अभिजात ठरली.

यात घरच्या माणसाची फसगत होते ती पाकात. कृतीत ‘साखरेचा पाक’ असं वाचून आपल्याकडची गृहिणी सवयीने एकतारी पाक करते. बारमधला साधा पाक म्हणजे एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळली की गॅस बंद. तार येऊच द्यायची नाही. एकतारी पाक याहून कितीतरी दाट. तोच 20 मिली ओतला की पेला गोडमिट्ट होतो आणि दोष लिंबाला जातो.

दुसरी फसगत थंडपणाची. वितळलेली कुल्फी खाऊन पाहा, गोठलेलीपेक्षा कितीतरी गोड लागते. थंडीत जीभ गोडाला मंदावते. म्हणून कोमट सरबत चाखून ‘बास, जमलं’ म्हणायचं आणि मग बर्फ टाकायचा, हा क्रम उलटा आहे. बर्फासकट चाखावं. बर्फ वितळून पाणी वाढतं तेही त्याच हिशेबात धरावं.

तिसरी गोष्ट मीठ. कडू टॉनिक वॉटरमध्ये चिमूटभर मीठ टाकलं की कडवटपणा दबतो आणि गोडी वर येते. सरबतात मीठ घालणाऱ्या आपल्या आज्या हे शास्त्र कुठल्या बारमध्ये शिकल्या नव्हत्या.

गोव्यात मार्च ते मे हा उर्राकचा हंगाम. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या धारेला निघतो तो उर्राक, त्यापुढची कडक ती फेणी. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उर्राक पिण्याची तिथली घरगुती तऱ्हा अशी: लिंबाची फोड, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वर लिंबाच्या चवीचा सोडा. मिरची एक की अर्धी, बिया काढून की बियांसकट, हे घरागणिक वेगळं.

कायद्याचं थोडक्यात सांगायचं तर 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे: पिण्यासाठी परवाना लागतो, कडक मद्यासाठी वय 25 पूर्ण असावं लागतं आणि घरी गाळणं हा गुन्हा आहे. मिसळण्याचा सराव मात्र सरबतावरही उत्तम होतो.

तो सराव असा. पाच पेल्यांत सारखंच थंड पाणी आणि सारखाच बर्फ. पहिल्यात 20 मिली रस, 20 मिली साधा पाक. दुसऱ्यात रस तेवढाच, पाक 30. तिसऱ्यात पाक 10. चौथा पहिल्यासारखाच, फक्त चिमूटभर मीठ जास्त. पाचव्यात आधी रस-पाक काहीच घालायचं नाही. चारही चाखून आपलं प्रमाण पाचव्यात भरायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर चव कशाने सुधारली ते कळत नाही.

मग ते प्रमाण वहीत लिहायचं, आणि तारीखही घालायची. कारण श्रीगोंदा-कर्जतच्या बागांतलं कागदी लिंबू सगळ्या हंगामांत सारखं नसतं. एप्रिल-मेमध्ये हस्त बहाराचं लिंबू महाग, ऐन पावसाळ्यात आंबे बहाराचं स्वस्त आणि रसाळ. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या एका वाणाचं नावच ‘साई शरबती’ आहे. एक लिंबू 10 मिली रस देतं, दुसरं 20. तेव्हा वहीत ‘दोन लिंबं’ न लिहिता रस मिलिलिटरमध्ये मोजून लिहावा. औषधाच्या बाटलीचं झाकण मापाला पुरतं.