दोन खांब आणि एक दोरी

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



समितीच्या मुलांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बाबांनो, मी गवंडी माणूस. माझ्या आधी बोललेले सर प्राध्यापक आहेत, माझ्यानंतर वकीलसाहेब बोलणार आहेत. मधे मी काय बोलू? तर मुलं म्हणाली, काका, तुम्ही भिंतीवरच बोला. म्हणून आज भिंतीवर बोलतो. विटेची भिंत सरळ कशी ठेवायची, एवढाच विषय आहे. हसू नका. आपल्या वस्तीत पत्र्याच्या खोल्या पाडून पक्क्या भिंती उभारणं अजून चालू आहे, आणि दर पावसाळ्यात कुठं ना कुठं भिंत पडून माणसं दगावल्याची बातमी आपण वाचतोच.

१९७२ च्या दुष्काळात आमचं कुटुंब गाव सोडून इथं आलं. वडील खडी फोडायचे, आई बांधकामावर घमेली उचलायची. १९७९ साली मी बिगारी म्हणून लागलो आणि थापी हातात यायला सात वर्षं लागली. आता तुम्ही म्हणाल, वीट लावायला सात वर्षं कशाला? वीट लावायला सात दिवस पुरतात. पण भिंतीचा जीव कोपऱ्यात असतो, आणि मिस्त्री कोपऱ्याला दुसऱ्याचा हात लागू देत नाही.

आपल्याकडची रीत अशी. मिस्त्री आधी दोन्ही टोकांचे कोपरे पाच-सहा थर पायऱ्या-पायऱ्यांनी उठवतो. प्रत्येक थराला ओळंबा लावतो, पाणसळ ठेवतो, गुण्या लावतो. मग दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणतो आणि मधली भरती दुसऱ्याकडून करून घेतो. म्हणजे सरळपणा सगळा कोपऱ्यात, आणि कोपरा मिस्त्रीच्या नजरेत. त्याची नजर चांगली असेल तर भिंत चांगली. त्या दिवशी त्याचं डोकं दुखत असेल, घरी भांडण झालं असेल, तर ते भांडण भिंतीत उतरतं.

माझंही उतरलं आहे. ती गोष्ट मी आजवर चारचौघांत सांगितली नव्हती.

१९८८ चा जून. मी नवा नवा मिस्त्री झालो होतो, नजरेवर फार घमेंड होती. वस्तीतल्या एका मावशींची दहा बाय बाराची खोली बांधायला घेतली. मावशी विधवा, चार घरची धुणी-भांडी करून, भिशी लावून त्यांनी विटा घेतल्या होत्या. आभाळ भरून आलेलं. पाऊस यायच्या आत पत्रे पडले पाहिजेत म्हणून चार इंची भिंत मी एका दिवसात सात फूट चढवली. ओल्या मालावर दिवसाला पाच फुटांच्या वर जायचं नसतं हे मला माहीत होतं. कोपरा नजरेनं उठवला, ओळंबा दोनदाच लावला. सकाळी चौकट बसवायला गेलो तर बसेना. ओळंबा सोडला, तर वरून भिंत दीड इंच बाहेर. आणि एका टोकाला थर मोजले तेवीस, दुसऱ्या टोकाला चोवीस.

भिंत पाडली. अर्ध्या विटा फुटल्या. मावशी मला एक शब्द बोलल्या नाहीत. जुना विळा घेऊन खाली बसल्या आणि चांगल्या राहिलेल्या विटांचा माल खरडत राहिल्या. संध्याकाळपर्यंत. फुटलेल्या विटा मी पदरच्या पैशानं भरून दिल्या, खोली सरळ बांधूनही दिली. पण तो विळ्याचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

एका टोकाला एक थर कमी कसा होतो, ते समजून घ्या. आमच्यात इंचाचे आठ सूत. वीट तीन इंच जाड, म्हणजे चोवीस सूत. खालचा मालाचा थर तीन सूत. एका थराचे झाले सत्तावीस सूत. दहा थरांचे दोनशे सत्तर सूत, म्हणजे पावणेचौतीस इंच. आता एका टोकाला मिस्त्रीनं माल दर थराला फक्त एक सूत जास्त घातला. एक सूत डोळ्याला दिसत नाही. पण चौकटीच्या माथ्यापर्यंत चोवीस थर होतात. चोवीस सूत म्हणजे तीन इंच. अख्खी वीट गेली! मग वर विटा तासून, कुठं जाड माल भरून जुळवाजुळव करायची, आणि ती गिलाव्यात लपवायची.

तीन वर्षांनी, १९९१ साली, मी गवंड्यांच्या एका प्रशिक्षण वर्गाला गेलो. तिथल्या म्हाताऱ्या शिक्षकांनी आम्हाला कोपरा उठवूच दिला नाही. म्हणाले, आधी खांब उभे करा. आम्ही हसलो. मिस्त्री लोकांना वाटलं, ही तर शिकाऊ पोरांची कुबडी. पुढं कळलं की हॉलंडमध्ये गवंडी सर्रास अशाच खांबांवर भिंत उचलतात. तिथं कोणी त्याला कुबडी म्हणत नाही.

खांब म्हणजे काय, तर भिंतीपेक्षा थोडा उंच, अगदी सरळ लाकडी दांडा किंवा चौकोनी लोखंडी पाइप. बांबू चालत नाही. लाकूड घेतलं तर एक डोळा मिटून कडेनं बघायचं, पीळ असेल तर परत द्यायचं. आधी जोत्यावर भिंतीची रेघ आखायची आणि कोपरा गुण्यात आणायचा. त्यासाठी तीन-चार-पाचचा हिशोब सगळ्यांनी पाठ करावा: एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट, तिरकं पाच फूट आलं की कोपरा काटकोनात. मग प्रत्येक कोपऱ्याला एक खांब असा उभा करायचा, की त्याची कड भिंतीच्या बाहेरच्या रेघेवर येईल. दोन बाजूंनी दोन तिरके टेकू द्यायचे. ओळंबाही दोन्ही बाजूंनी लावायचा. एका बाजूनं ओळंब्यात असलेला खांब दुसऱ्या बाजूला खुशाल कललेला असतो, इथंच बहुतेक जण फसतात.

आता खुणा. यात माझं आणि इतर मिस्त्र्यांचं अजून भांडण होतं. ते प्रत्येक खांबावर टेप लावून वेगळ्या खुणा करतात. तसं करू नका. आधी पाण्याची नळी घेऊन सगळ्या खांबांवर एकाच पातळीची एक रेघ मारून घ्या. जोतं वर-खाली असलं तरी ही रेघ खोटं बोलत नाही. मग एका पट्टीवर थरांच्या खुणा करा आणि तीच पट्टी त्या रेघेला लावून सगळ्या खांबांवर खुणा उतरवा. चूक झालीच तर सगळीकडे सारखी होईल, भिंत तरी आडवी राहील. थराचं माप मनानं धरायचं नाही. आपल्या भट्टीच्या विटा सारख्या नसतात. ढिगातून दहा विटा काढा, एकमेकींवर ठेवा, मोजा, आणि दहानं भागा. खिडकीचा खालचा थर कुठं, चौकटीचा माथा कुठं, तेही खांबावर लिहून ठेवा. अर्धी विटेची तासातास तिथंच वाचते.

मग दोन खांबांच्या एकाच खुणेवर दोरी ताणायची आणि थर लावायचा. थर झाला की दोरी पुढच्या खुणेवर. वीट दोरीला चिकटवायची नाही, मधे केसभर फट दिसली पाहिजे. एक वीट दोरीला ढकलली की दोरी बाहेर जाते आणि पुढच्या सगळ्या विटा तिच्या मागं जातात. लांब भिंतीला दोरी मधे झोळ खाते, तिथं मधेही एक खांब द्यावा. सकाळी आल्यावर पहिलं काम, खांबाला पुन्हा ओळंबा. रात्री कोणी टेकूला बैल बांधलेला असतो, कधी पोरं झोका घेऊन गेलेली असतात. आणि परांची खांबाला टेकवायची नाही म्हणजे नाही.

खांब उभे केले म्हणजे झालं, असंही नाही. वीट भिजवलेली पाहिजे, सांधेमोड पाहिजे, बांधल्यावर निदान आठवडाभर पाणी मारलं पाहिजे. खांब हे काही करत नाही. तो फक्त सरळ उभा राहतो.

भारतीय मानकात एका मजल्याच्या तीन मीटर उंचीत सहा मिलिमीटरपेक्षा जास्त कल चालत नाही. म्हणजे आपल्या भाषेत दहा फुटांत साधारण दोन सूत. मावशींच्या भिंतीत मी सात फुटांत बारा सूत घालवले होते. चार इंची भिंतीला दीड इंचाचा कल म्हणजे वरचा भार भिंतीच्या मध्यावर न राहता कडेला येतो. शिवाय पैसा बघा. वाकडी भिंत गिलाव्यानं सरळ करायला गेलात आणि दहा बाय दहाच्या भिंतीवर सरासरी एक इंच जादा माल गेला, तर एकास पाचच्या मालात दीड पोतं सिमेंट जास्त लागतं. एका भिंतीला, एका बाजूनं.

थोडं विषयांतर करतो. काही वर्षांपूर्वी आपण सहलीला नालंद्याला गेलो होतो. सगळे हात जोडून उभे होते आणि मी एक डोळा मिटून भिंतीची कड बघत होतो. माझ्या पत्नीनं मला कोपरानं ढोसलं. पण काय सांगू, एवढ्या लांब विटांच्या भिंती! त्यात आता पुरातत्त्व खात्याची डागडुजीही आहे, हे खरं. आपल्या जवळ सोपाऱ्याचा स्तूपही विटांचाच, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरून काढला. ज्यांनी त्या विटा लावल्या त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. जुन्या काळी बांधणाऱ्याला सूत्रधार म्हणत, म्हणजे सूत धरणारा. नाटकातला सूत्रधार नंतर बघू, माझ्या मते आधी आमचा.

आता पत्नीचा विषय निघालाच आहे. तिनं तेवीस वर्षं बांधकामावर घमेलं उचललं. माझ्यापेक्षा जास्त भिंती तिनं पाहिल्या. पण तिच्या हातात थापी कोणी दिली नाही, मीही नाही. बाईनं माल द्यायचा आणि बाप्यानं वीट लावायची, हे मी कधी मनात तपासूनही बघितलं नव्हतं. २०१४ साली आपल्या विहाराची मागची भिंत बांधायची होती. पैसे कमी, माझा गुडघा धरलेला. मी खांब उभे केले, खुणा केल्या आणि खुर्चीत बसलो. तिनं दोरी ताणली आणि वीट लावायला घेतली. पहिल्या दिवशी चार थर झाले. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "यात एवढं लपवण्यासारखं काय होतं?"

मी काय उत्तर देणार? कोपरा मिस्त्रीच्या नजरेत होता तोवर तो त्याच्या एकट्याचा होता. खांबावर खूण केली की ती कोणालाही वाचता येते. झारखंडात शौचालयं बांधण्यासाठी बायकांना गवंडीकाम शिकवलं, लोक त्यांना राणी मिस्त्री म्हणू लागले. आपल्या वस्तीत घमेली उचलणाऱ्या बायका आजही आहेत. बिगारी आणि मिस्त्री यांच्या मजुरीतला फरक किती, तो त्यांनाच विचारा.

मागची भिंत जाऊन बघा. पत्नी इथं बसली आहे, तिच्यासमोर सांगतो, मी तिला ओळंबा लावून पाहिला. नऊ फुटांत एक सूत. तिसऱ्या थरात एक वीट थोडी आत गेली आहे, ती तिनं मला काढू दिली नाही.

ते खांब मी विकले नाहीत. सहा लोखंडी खांब, खुणेची पट्टी आणि पाण्याची नळी विहाराच्या सामानाच्या खोलीत ठेवली आहे. ज्यांना घर बांधायचं आहे त्यांनी सचिवांकडे नाव लिहून घेऊन जावं. भाडं नाही. फक्त परत आणताना माल खरडून, पुसून आणा. आणि ज्यांना शिकायचं आहे, मुलगे असोत की मुली, त्यांनी येत्या रविवारी सकाळी आठला मागच्या आवारात यावं. पाण्याच्या टाकीचा ओटा बांधायचा आहे. विटा आदल्या रात्री भिजत घालणार आहे, त्यासाठी दोन जण शनिवारी संध्याकाळी लागतील. जुने कपडे घालून या.

जयभीम.